केमो का नाही घेतली? तुम्ही विचारलंत म्हणून

लग्नात, बारशाला, परवा तर भाजी घेताना: "केस सगळे शाबूत आहेत की! केमो नाही दिली? मग कॅन्सर नव्हताच म्हणायचा." सहा वर्षं हेच ऐकतेय.

होता. मॅलिग्नंट फायलोड्स. स्तनाच्या शंभर गाठींत फायलोड्सची एकही नसते, त्यातही ही सगळ्यात वाईट जात. नेहमीचा कॅन्सर दुधाच्या नळ्यांचा, हा त्यांना आधार देणाऱ्या पेशींचा. म्हणून हार्मोनच्या गोळ्या चालत नाहीत, केमोने आयुष्य वाढेल असा भरवसा नाही. पसरलाच तर बहुतेक रक्तातून फुप्फुसात जातो, काखेत क्वचित. म्हणून माझ्या काखेला हात लावला नाही. सगळी मदार ऑपरेशनवर. गाठीभोवती सगळीकडून निदान एक सेंटिमीटर चांगलं मांस निघायला हवं.

पहिल्यांदा तेच निघालं नाही. लिंबाएवढी गाठ दोन महिन्यांत मोसंबीएवढी झाली, तरी फायब्रोॲडिनोमा, म्हणजे कॅन्सर नसलेली साधी गाठ, समजून शेंगेतून दाणा काढावा तशी काढली. टाके इतके बारीक की मी आरशात बघून खूश! अकराव्या दिवशी रिपोर्ट आला.

दुसऱ्या डॉक्टरबाईंनी रिपोर्टच्या पाकिटावर पेनाने गोल काढला, त्याभोवती आणखी एक. "बाहेरची कड साफ मिळाली, की स्तन ठेवला काय नि काढला काय, जगण्यात फरक नाही. तुमचा ठेवता येईल, आकार बिघडेल." नवरा म्हणाला, "तू म्हणशील तसं." मला त्याचा इतका राग आला! कुणीतरी ठरवून टाकावं असं वाटत होतं. आतल्या गोलावर पेन दाबून फिरल्यामुळे पाकीट जरा फाटलं होतं, मी तेवढंच बघत होते. म्हटलं, "सगळा काढा." त्यांनी पुन्हा विचारलं. मी पुन्हा तेच म्हटलं.

काढलेल्या स्तनात कॅन्सरची एक पेशीही सापडली नाही.

जीव वाचवायला काढला, असं मी तेव्हा सगळ्यांना सांगितलं. ते खरं नव्हतं. जीव दोन्हीकडे सारखाच होता, आणि ते मला त्या खोलीत समजलेलं होतं. मी घाबरले होते. घाबरलेल्या बाईने घेतलेला निर्णय चुकीचाच असतो, असंही मी मानत नाही. ठेवला असता तर रोज आंघोळीत चाचपत बसले असते, असं स्वतःला सांगते. पण उरलेला आजही रोज चाचपतेच.