लूककृत

नगरमधील एका अनुदानित शाळेत मी गेली एकोणीस वर्षे मराठी शिकवते. शाळा ख्रिस्ती संस्थेची आहे. विद्यार्थी मात्र बहुसंख्येने हिंदू, काही मुसलमान आणि थोडेच ख्रिस्ती आहेत. या शहराला त्याचे नवल नाही. अमेरिकन मराठी मिशनचे काम येथे १८३१ मध्ये सुरू झाले, आणि मिशनच्या फॅरारबाईंच्या मुलींच्या शाळा पाहून जोतीराव फुले प्रभावित झाले होते, हे आम्ही इतिहासाच्या तासाला आवर्जून सांगतो. अशा शाळेत बायबलवरून वाद व्हावा आणि त्याचे निमित्त आपण व्हावे, असे मला कधी वाटले नव्हते.

आमच्याकडे परिपाठात प्रार्थना, प्रतिज्ञा, सुविचार, दिनविशेष आणि शेवटी बोधकथा असा क्रम असतो. बोधकथा वर्गावर्गाने मुले सांगतात आणि त्यांचे कागद आदल्या दिवशी पाहण्याचे काम माझ्याकडे आहे. डिसेंबरमधील त्या दिवशी आठवीतील एका मुलीने बायबलमधील उधळ्या पुत्राचा दाखला, म्हणजे येशूने सांगितलेली दृष्टांतकथा, लिहून आणला. बापाच्या हयातीतच आपला वाटा मागून घेणारा, तो परदेशात उडवून टाकणारा आणि शेवटी डुकरांपुढच्या शेंगांवर तरी पोट भरावे असे वाटण्याइतका खंगलेला मुलगा घरी परततो, आणि बाप त्याला दुरून पाहून धावत सुटतो. गोष्ट सुरेख आहे, मुलीचे अक्षर सुरेख होते, म्हणून मी कागदाची पुढची बाजू वाचून खाली सही केली. कागद उलटून पाहिला नाही.

मागच्या बाजूला दोनच ओळी होत्या. दुसऱ्या दिवशी त्या ध्वनिक्षेपकावरून मैदानभर ऐकू आल्या : आपण सर्वांनीही आपली पापे कबूल करून प्रभूकडे परत फिरावे, आमेन. निम्म्या रांगांनी सवयीने ‘आमेन’ म्हटले आणि घंटा झाली. मुलीने तो मजकूर शाळेतल्या बायबलच्या तासाच्या वहीतून जसाच्या तसा उतरवला होता. हा तास शुक्रवारी शेवटी असतो, ऐच्छिक असतो, आणि त्याला बसणाऱ्या प्रत्येक मुलाच्या पालकांचे संमतिपत्र कार्यालयात असते. परिपाठाला असे कोणतेही पत्र नसते.

तिसऱ्या दिवशी सातवीतील एका मुलाच्या वडिलांचा लेखी अर्ज आला. मुख्याध्यापकांनी शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर बैठक ठेवली, शाळा समितीचे सदस्य असलेल्या निवृत्त पाळकसाहेबांना बोलावले, आणि मला सांगितले, ‘‘बाई, इतिवृत्त तुम्हीच लिहा. सही तुमची आहे.’’

हे गृहस्थ आरडाओरडा करतील अशी माझी अटकळ होती. ते कृषी सेवा केंद्र चालवतात. त्यांचे वडील कीर्तनकार होते. त्यांनी घडीचा कागद उघडला आणि शांतपणे विचारले, ‘‘परिपाठाला हजेरी लागते ना?’’ मुख्याध्यापकांनी होकार दिला. ‘‘मग माझ्या मुलाला तिथून बाजूला व्हायची सोय नाही. गोष्टीला माझी हरकत नाही. गोष्ट त्याने घरी येऊन आम्हाला सांगितली, आजीला आवडली. मागच्या दोन ओळींना आहे.’’

राज्यघटनेच्या अठ्ठाविसाव्या कलमाची त्यांना नेमकी माहिती होती. सर्वस्वी सरकारी निधीवर चालणाऱ्या शाळेत धार्मिक शिक्षण देता येत नाही. आमच्यासारख्या मान्यताप्राप्त अनुदानित शाळेत ते देता येते, पण विद्यार्थ्याला त्याची सक्ती करता येत नाही, आणि तो अल्पवयीन असेल तर पालकाची संमती लागते. मुख्याध्यापकांनी अल्पसंख्याक संस्थांच्या तिसाव्या कलमाचा उल्लेख केला खरा. परंतु संस्था चालवण्याचा हक्क आणि मैदानावर उभ्या असलेल्या प्रत्येक मुलाकडून ‘आमेन’ वदवून घेणे यांत अंतर आहे, हे त्यांच्याही चेहऱ्यावर दिसत होते. धर्मांविषयी शिकवणे आणि धर्म शिकवणे या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, हा फरक सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये अरुणा रॉय प्रकरणात मान्य केला आहे. मी तो फरक जाणत होते आणि तरीही कागद उलटला नव्हता, म्हणून चूक माझी आहे असे मी सांगितले व तसेच इतिवृत्तात लिहिले.

(आमचे इतिहासाचे सर नंतर म्हणाले की वुडच्या खलित्यातही, म्हणजे इंग्रजी अमलातील शिक्षणविषयक आदेशपत्रातही, हे आहे. ते खरे आहे. १८५४ च्या त्या खलित्यानुसार सरकारी शाळांच्या ग्रंथालयांत बायबल असावे, मुलांनी हवे तर ते वाचावे, आणि त्यांनी आपण होऊन विचारले तर शिक्षकांनी शाळेच्या वेळेबाहेर खुलासा करावा; एवढीच मोकळीक होती. राज्यकर्ते ख्रिस्ती असतानाची ही सावधगिरी आहे.)

येथे बैठक संपली असती. पण पाळकसाहेबांचीही तक्रार होती, आणि तीही माझ्याविरुद्धच.

ते म्हणाले, ‘‘बाई, त्या दोन ओळी तिथे नको होत्या, मान्य. पण तुम्ही देवाच्या वचनाला बोधकथा म्हणता. परवा कोल्ह्याची आणि द्राक्षांची गोष्ट, काल बिरबल, आज प्रभू येशू. आम्हाला ते कसं वाटत असेल?’’ मी गप्प राहिले. आजवर या परिपाठाकडे मी उदारपणाचा नमुना म्हणूनच पाहत आले होते. ज्याचा ग्रंथ त्याला तो ईसापच्या पंक्तीत बसवल्यासारखा वाटेल, हे माझ्या ध्यानातच आले नव्हते.

पालकांनी लगेच विचारले, ‘‘देवाचं वचन म्हणजे देवानं लिहिलेलं? मग तुमच्याच पुस्तकात ‘लूककृत शुभवर्तमान’ असं का छापलंय? कृत म्हणजे केलेलं. लूकनं केलेलं.’’ त्यांनी बायबल उघडून पाहिले होते, हे उघड होते. उधळ्या पुत्राचा दाखला लूककृत शुभवर्तमानाच्या, म्हणजे येशूचे चरित्र सांगणाऱ्या बायबलमधील एका पुस्तकाच्या, पंधराव्या अध्यायातच आहे.

पाळकसाहेब अनपेक्षितपणे खूश झाले. ‘‘बरोबर. आणि लूक पहिल्याच ओळींत सांगतो की मी सगळं मुळापासून शोधून मग लिहिलं आहे. प्रेरणा म्हणजे श्रुतलेखन नव्हे हो. देव सांगतोय आणि माणूस उतरवून घेतोय, असं आम्ही मानत नाही. माणसानं आपल्या बुद्धीनं, आपल्या भाषेत लिहिलं, आणि तरीही ते देवाचं आहे, असं मानतो.’’

‘‘आमच्याकडे यावर फार पूर्वी भांडण झालंय,’’ पालक म्हणाले. ‘‘मीमांसक म्हणतात, वेद अपौरुषेय, त्यांना कर्ताच नाही, देवसुद्धा नाही. नैयायिक म्हणतात, कर्ता ईश्वर. वडील कीर्तनात दोन्ही बाजू सांगायचे आणि लोकांना घरी पाठवायचे.’’ १८५७ साली मुंबईच्या समुद्रकिनारी हिंदू धर्माची बाजू मांडणारे विष्णुबावा ब्रह्मचारी आणि ख्रिस्ती मिशनरी यांच्यात जे वाद झाले, ते ऐकायला गर्दी का जमत असे, याची मला त्या क्षणी थोडी कल्पना आली.

इतका वेळ मी खाली मान घालून लिहीत होते. पण पुढे पाळकसाहेबांनी बायबलमधील, तीमथ्याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्रातील जे वचन वाचून दाखवले, त्याने माझे हात थांबले. ‘‘प्रत्येक परमेश्वरप्रेरित शास्त्रलेख सद्बोध, दोष दाखवणे, सुधारणूक, नीतिशिक्षण ह्यांकरता उपयोगी आहे.’’ मी नववीला विशेषणाचे प्रकार शिकवते. नामाच्या आधी येते ते अधिविशेषण, नामानंतर येऊन विधान पुरे करते ते विधिविशेषण. या वाक्यात ‘परमेश्वरप्रेरित’ हे अधिविशेषण आहे, आणि ‘आहे’ हे क्रियापद ‘उपयोगी’ या शब्दाला चिकटले आहे. म्हणजे हे वाक्य शास्त्रलेख परमेश्वरप्रेरित असल्याचे विधान करत नाही, ते गृहीत धरून पुढे उपयोगाचे सांगते. मी हे भीतभीतच बोलून दाखवले.

पाळकसाहेबांनी चष्मा काढला. ग्रीक मुळात या वाक्याला क्रियापदच नाही, ते म्हणाले. सेमिनरीत, म्हणजे पाळकांच्या प्रशिक्षणाच्या विद्यालयात, ते ग्रीक शिकले होते. ‘आहे’ कोठे घालायचे ते भाषांतरकाराने ठरवायचे असते. जुन्या इंग्रजी भाषांतरात ते आधी आले, म्हणून तेथे सर्व शास्त्र ईश्वरप्रेरणेने दिलेले आहे असे विधान झाले. मराठीत ते शेवटी गेले. ‘‘माझी श्रद्धा पहिल्या अर्थावर आहे,’’ ते म्हणाले, ‘‘पण व्याकरण तुमचं चुकलेलं नाही.’’

त्यावर पालकांनी मला एकच प्रश्न विचारला. तुकोबा म्हणतात, ‘मज विश्वंभर बोलवितो’. ते तुम्ही वर्गात कसे शिकवता? मी क्षणभर विचार केला. तुकोबांच्या मते ही वाणी त्यांची स्वतःची नव्हे, असे मी सांगते. विश्वंभरानेच ती बोलवली असे मी वर्गात कधी सांगितलेले नाही, बोलवली नाही असेही नाही. एकोणीस वर्षे ‘म्हणतात’ या क्रियापदावर मी निभावून नेले होते, आणि आठवीतल्या त्या मुलीच्या कागदावर नेमके तेच नव्हते.

ठराव लवकर झाले. परिपाठातील कथेआधी ती कोणत्या ग्रंथातील आहे ते सांगायचे, कथेनंतर ‘आपण’ने सुरू होणारे वाक्य घालायचे नाही, आणि कागद दोन्ही बाजूंनी पाहायचा. हजेरी यापुढे परिपाठ संपल्यावर वर्गात घेतली जाते. बायबलचा तास शुक्रवारी, संमतिपत्रावर, पूर्वीप्रमाणेच चालू आहे.

अडले ते इतिवृत्ताच्या पहिल्या वाक्यावर. मी लिहिले होते : ‘बायबलमधील बोधकथेविषयी चर्चा झाली.’ पाळकसाहेबांना ‘बोधकथा’ नको होते. त्यांनी ‘प्रभू येशूने सांगितलेला दाखला’ असे सुचवले. पालकांना ‘प्रभू’ नको होते; शाळेच्या दप्तरात तो शब्द आला तर तो शाळेचा शब्द होतो, असे त्यांचे म्हणणे. दहा मिनिटे दोघेही माझ्या वहीवर वाकून उभे होते. शेवटी मी ओळ खोडून लिहिले : ‘लूककृत शुभवर्तमान, अध्याय १५, यातील दाखल्याविषयी चर्चा झाली.’

पालकांनी ‘कृत’ या अक्षरांवर बोट ठेवले आणि ठीक आहे म्हणाले. पाळकसाहेबांनी ‘शुभवर्तमान’ वाचले आणि तेही ठीक आहे म्हणाले. दोघांनी एकाच पेनाने सह्या केल्या. पेन माझे होते. ते पालकांच्या खिशात गेले आणि सोमवारी मुलाबरोबर परत आले.