सेबॅस्टोपोल गीजची जोडी आणायला लिंकनशायरला गेलो होतो

सप्टेंबरात मी आणि बायको लेस्टरहून लिंकनच्या पुढे एका छोट्या फार्मवर सेबॅस्टोपोल गीजची (गीज म्हणजे पाळीव हंस) जोडी आणायला गेलो होतो, अजून कोणी आणणार असेल तर उपयोगी पडेल म्हणून लिहितोय. ए४६ रस्ता धरला की नेवार्कवरून सरळ लिंकन. सकाळी लवकर निघा, म्हणजे येताना पक्षी गाडीत तापत नाहीत.

ही जात काळ्या समुद्राच्या आणि डॅन्यूबच्या काठची, १८६० मध्ये लंडनला क्रिस्टल पॅलेसच्या प्रदर्शनात आली ती सेव्हस्तोपोल बंदराचं नाव घेऊन. पांढराशुभ्र पक्षी, निळे डोळे, नारिंगी चोच आणि पाठीवरून जमिनीपर्यंत लोंबणारी कुरळी पिसं. फार्मवरच्या आजींनी एक गळलेलं पीस माझ्या हातात दिलं, ते ताठ उभंच राहीना, रंधा मारल्यावर लाकडाची गुंडाळी निघते ना अगदी तसं वळलेलं. त्यामुळे यांना नीट उडता येत नाही, साधं कुंपण पुरतं, पण पावसाचं पाणीही साध्या गीजसारखं अंगावरून ओघळून जात नाही, पिसं भिजून जड होतात. म्हणून वरून छप्पर आणि खाली कोरडा पेंढा हवाच हवा.

निवडताना दोन्ही पंख अंगाला नीट मिटलेत ना ते बघा, टोक बाहेर वळलेलं असेल तर घेऊ नका. आणि एकटा पक्षी मुळीच आणू नका, बिचारा झुरतो. नराचा आवाज बारीक, मादीचा जाड, पण नुसत्या आवाजावर जाऊ नका, विकणाऱ्याकडून तपासून घ्या. उचलायचं ते दोन्ही पंख हाताखाली दाबून, तोंड आपल्या मागे. मानेला धरून कधीच नाही.

आमची चूक म्हणजे कुत्र्याच्या पिंजऱ्यात नुसते पेपर अंथरले होते. नेवार्क येईपर्यंत पेपर ओले, दोघांचे पाय घसरतायत, छातीची पिसं घाणीने चिकटलेली, बघवत नव्हतं. बाजूला थांबून गाडीच्या डिकीतला पेंढा जाड अंथरला तेव्हा कुठे शांत बसले. तुम्ही निघतानाच टाका.

घरी आल्यावर टबात स्वच्छ पाणी भरून दिलं. नराने आधी डोकं डोळ्यांपर्यंत बुडवलं, मग अख्खा आत शिरला आणि नंतर कितीतरी वेळ एकेक पीस चोचीतून ओढत बसला, मादी शेजारी. टबचं पाणी आता आम्ही रोज बदलतो, खरं काम हेच आहे. टबाभोवती लाकडाचे तुकडे पसरा, नाहीतर हिवाळ्यात नुसता चिखल.

खायला मुख्य गवतच, आखूड आणि कोवळं, संध्याकाळी बादलीत पाण्याखाली गहू, शिवाय पोटात दाणे दळायला वाळूखडे. उरलेली पोळीभाजी आपल्याला द्यावीशी वाटते पण इथे स्वयंपाकघरातून गेलेलं कोंबड्या-बदकांना घालणं कायद्याने बंद आहे. ऑक्टोबर २०२४ पासून इंग्लंडमध्ये एक पक्षी असला तरी नोंदणी लागते, आणल्यापासून महिन्याच्या आत करा. निघण्याआधी बर्ड फ्लूचे निर्बंध आहेत का तेही बघून घ्या, पक्षी आत ठेवायचा आदेश निघाला तर तेवढी बंदिस्त जागा आधीच तयार हवी. आणि रात्री कोल्ह्यासाठी दाराला पक्की कडी, पहिल्या रात्रीपासून.