माळ्यावरच्या आगगाडीचे किती येतील?

चवथीच्या आधी घर झाडायला काढलं की माळ्यावरचे पेटारे खाली येतात आणि मला फोन यायला लागतात. आधी फोटो येतो, मागून प्रश्न: "काका, आजोबांची आगगाडी सापडली. किती येतील हिचे?" मी फोंड्यात राहतो आणि जुन्या मॉडेल गाड्या दुरुस्त करतो, हे आता बऱ्याच घरांना ठाऊक झालंय. त्यामुळे मडगावहून विचारतात, म्हापशाहून विचारतात, कधी आखातातूनही कुणीतरी विचारतं. तुम्ही विचारलंत म्हणून एकदा नीट लिहून ठेवतो.

थोडक्यात उत्तर असं: मोबाइलवर जो आकडा पाहून तुम्ही फोन केलात, त्याच्या बरेच कमी येतील. क्वचित कधी त्याहून जास्तही येतात. पण गाडी हातात घेऊन, उलटी करून पाहिल्याशिवाय मी आकडा सांगत नाही.

मोबाइलवर दिसते ती विकणाऱ्याची मागणी. ब्रिटनमधला एखादा विक्रेता हॉर्नबी कंपनीच्या 'डब्लो' या जुन्या मालिकेतलं 'डचेस ऑफ माँट्रोज' इंजिन तीनशे पौंडांना लावून ठेवतो. महिनोन् महिने ते तसंच पडून राहतं, आणि इकडे आपण त्याचे रुपये करून भावाबहिणींत वाटण्या मांडतो. त्याच संकेतस्थळावर विकल्या गेलेल्या वस्तू पाहायची सोय असते, ती आधी बघा. तेच इंजिन, चालू स्थितीतलं, बहुधा शंभर पौंडांच्या आत गेलेलं दिसेल. आज दुकानात हॉर्नबीचं नवं मोठं वाफेचं इंजिन घ्यायला गेलात तर दोनशे पौंडांहून जास्त पडतात. म्हणजे सत्तर वर्षांचं जुनं इंजिन नव्याच्या निम्म्या भावात मिळतं. हे ऐकून पुष्कळांचा चेहरा पडतो, पण आहे ते असं आहे.

कारण सरळ आहे. लिव्हरपूलच्या फ्रँक हॉर्नबींनी १९२० मध्ये चावीच्या गाड्या विकायला सुरुवात केली. विजेवरची, लहान मापाची 'डब्लो' १९३८ मध्ये आली. महायुद्धानंतर पन्नासच्या दशकात ती इतकी खपली की त्यातली नेहमीची इंजिनं आजही ढिगानं शिल्लक आहेत. ती हवीशी वाटणारी माणसं मात्र कमी होत चाललीत. लहानपणी जी गाडी दुकानाच्या काचेतून पाहिली आणि मिळाली नाही, ती माणूस हातात पैसा आल्यावर घेतो. त्या मुलांची वयं आता पंचाहत्तर-ऐंशी आहेत. त्यांचे संग्रह एकामागून एक बाजारात येतायत आणि पुढच्या पिढीला त्या गाड्यांची ओढ नाही. म्हणून गाडी जितकी जुनी तितकी महाग, हा हिशेब इथे चालत नाही. किती बनल्या, किती उरल्या आणि आज कुणाला हव्या आहेत, या तिन्हींवर भाव ठरतो.

याच डब्लोमधलं उदाहरण घ्या. १९५९ मध्ये कंपनीनं तीन रुळांऐवजी (मधला रूळ विजेसाठी) दोन रुळांवर चालणाऱ्या गाड्या काढल्या. जुने तीन रूळवाले गिऱ्हाईक सांभाळायला त्या पद्धतीची इंजिनंही काही वर्षं थोडी थोडी बनत राहिली, आणि १९६४ मध्ये कंपनी लाइन्स ब्रदर्सच्या ताब्यात गेली. त्या शेवटच्या काळातलं तीन रुळांवरचं 'डॉर्चेस्टर' आज 'डचेस'च्या कितीतरी पट भावानं जातं. अमेरिकेत लायनेल कंपनीनं १९५७ मध्ये मुलींसाठी म्हणून गुलाबी इंजिनाची गाडी काढली. मुलींना ती नको होती. त्यांना खऱ्यासारखी काळी गाडीच हवी होती. दुकानदारांकडे माल पडून राहिला, आणि आज त्याच गाडीसाठी संग्राहक धडपडतात. तिच्या नकला आणि नव्या आवृत्त्याही निघाल्या आहेत, म्हणून गुलाबी इंजिन दिसलं की लगेच हुरळून जाऊ नये.

आपल्याकडे या गाड्या आल्या कुठून? पुष्कळशा तारवट्यांबरोबर आल्या. बोटीवर नोकरीला असलेला मामा किंवा काका लिव्हरपूल, हॅम्बुर्गला उतरला की भाच्या-पुतण्यांसाठी काहीतरी घेऊन यायचा. दुसरी वाट मुक्तीपूर्व काळातली. पन्नासच्या दशकात भारतानं गोव्याची आर्थिक नाकेबंदी केली होती, पण लोहखनिज जपानला, पश्चिम जर्मनीला जात होतं आणि त्या पैशावर परदेशी माल इथल्या दुकानांत उतरत होता. उरलेल्या भारतात आयातीवर बंधनं असताना आपल्याकडे जर्मन घड्याळं नि रेडिओ मिळायचे. त्यामुळे गोव्यातल्या एखाद्या जुन्या घरात मेर्कलिनची गाडी निघाली तर मला नवल वाटत नाही. मेर्कलिन ही ग्योपिंगेनची कंपनी, १८५९ पासूनची. रुळांची मापं ठरवून घ्यायची पद्धत तिनंच १८९१ मध्ये लाइपझिगच्या जत्रेत मांडली. तिच्या महायुद्धाआधीच्या पत्र्याच्या मोठ्या गाड्या लिलावात खरोखर मोठे पैसे आणतात. तशी एखादी तुमच्याकडे निघाली आणि ती शंभर वर्षांहून जुनी असेल, तर परदेशी लिलावाला धाडण्याआधी पुरातत्त्व खात्याकडे चौकशी करा. १९७२ च्या पुरावस्तू कायद्यानं शंभर वर्षांवरच्या ऐतिहासिक महत्त्वाच्या वस्तू देशाबाहेर नेण्यावर बंधन आहे.

आता ज्यासाठी मी गाडी उलटी करून पाहतो ते. आपल्या हवेत ह्याच गोष्टीवर सगळं ठरतं.

त्या काळची चाकं, सांगाडे, मालडबे यांचे भाग जस्ताच्या मिश्रधातूचे ओतलेले असत. त्यात शिशाचा थोडासा अंश जरी मिसळला, तरी धातू आतल्या आत, कणाकणांच्या मधून किडत जातो. महायुद्धाआधीच्या मालात हा दोष फार. आधी पृष्ठभागावर केसासारख्या बारीक भेगांचं जाळं दिसतं, मग भाग फुगतो, डबा मधोमध वाकतो, चाक आसावर फिरेनासं होतं, आणि शेवटी बोटात धरलं की खारी बिस्किटासारखा चुरा होतो. यावर औषध नाही. तेल लावून, लाख देऊन, चिकटवून काही थांबत नाही. उष्णता आणि दमटपणा मिळाला की ही कीड झपाट्यानं वाढते, आणि गोव्यात जून ते सप्टेंबर दुसरं काय असतं? इंग्लंडमधल्या कोरड्या कपाटात ज्या डब्याला आणखी वीस वर्षं मिळाली असती, तो कौलाखालच्या माळ्यावर त्याच्या कितीतरी आधी जातो. पुढे शुद्ध जस्त वापरायला लागले आणि हा त्रास पुष्कळ कमी झाला, म्हणून पन्नासच्या दशकातली डब्लो इंजिनं सहसा धडधाकट असतात. जुनं म्हणजे महाग असं समजून आधीच्या काळातलं भेगाळलेलं इंजिन मोठ्या भावानं घेणारे लोक पाहिले की मला फार वाईट वाटतं.

प्लॅस्टिकचीही तीच गत. १९५० मध्ये रोव्हेक्स कंपनीनं 'प्रिन्सेस एलिझाबेथ' इंजिन काढलं. त्याचं अंग सेल्युलोज ॲसिटेटचं आहे आणि ते वर्षांबरोबर पिळवटतं. पत्र्याला गंज चढतो. खोक्याला बुरशी धरते, कसर लागते, आणि खोकं गेलं की भावाचा मोठा तुकडा गेला. काही डब्यांच्या बाबतीत मूळ खोकं आतल्या डब्याहून महाग असतं, हे मी अजिबात वाढवून सांगत नाही. डबा मुलांनी जपला, खोकं आईनं चुलीत घातलं, म्हणून डबे उरले आणि खोकी उरली नाहीत.

म्हणून हात जोडून सांगतो, फोटो पाठवण्याआधी गाडी धुऊ नका, पुसू नका, घासू नका. विशेषतः रंग देऊ नका. चांगल्या मनानं, बाबांची आठवण म्हणून नवा चकचकीत रंग दिलेली इंजिनं माझ्याकडे येतात. ओरखडे पडलेला मूळ रंग संग्राहकाला चालतो, नवा रंग चालत नाही. तो दिला की भाव निम्म्याखाली येतो आणि पुन्हा वर जात नाही. दुसरं, लगेच प्लगला लावू नका. अमेरिकन लायनेलचा ट्रान्सफॉर्मर ११०-१२० व्होल्टचा असतो, आपल्या २३० व्होल्टवर तो जळतो. इंग्लंड-जर्मनीचे आपल्या व्होल्टेजला चालतात, पण त्यांच्या वायरींचं रबर कडक होऊन गळून पडलेलं असतं आणि उघड्या तारेला हात लागू शकतो. आधी कुणा जाणत्याला दाखवा.

नव्या गाड्या गुंतवणूक म्हणून घेऊ का, असंही तरुण मुलं विचारतात. घेऊ नका. 'मर्यादित आवृत्ती', क्रमांक घातलेलं प्रमाणपत्र, सोनेरी शिक्क्याचं खोकं असल्या वस्तू सगळेच जण जपून ठेवतात, त्यामुळे त्या पुढे दुर्मिळ होतच नाहीत. त्यावर आयातीचा खर्च. २०२० च्या अर्थसंकल्पात खेळण्यांवरची जकात २० टक्क्यांवरून ६० टक्क्यांवर गेली आणि २०२३ मध्ये ७० टक्क्यांवर. कुरिअर आणि कर धरून परदेशी इंजिन घरी येईपर्यंत दुप्पट पडलं, तरी विकताना ती जकात कुणी परत देत नाही. परदेशातला गिऱ्हाईक तिथल्याच भावानं मागतो. लिलावात द्यायचं म्हटलं तर दलाली दोन्ही बाजूंनी: विकणाऱ्याकडून पंधरा-वीस टक्के, घेणाऱ्याकडून वीस-पंचवीस, हे सर्वसाधारण आहे. व्यापारी घरी येऊन रोख देतो, पण तो विक्रीभावाच्या निम्मे देईल. त्यात त्याचा लबाडपणा नसतो, कारण त्याला ती गाडी सांभाळायची असते, दुरुस्त करायची असते आणि गिऱ्हाईक मिळेपर्यंत थांबायचं असतं.

भारतीय गाड्यांचं गणित वेगळं आहे आणि मला त्याचं जास्त अगत्य आहे. आपली ब्रॉडगेज १६७६ मिलिमीटरची. मॉडेलांच्या नेहमीच्या मापानं ८७ पट लहान केली तर रूळ १९ मिलिमीटरहून थोडे अधिक रुंद हवेत, पण जगभर त्या मापाचे तयार रूळ मिळतात ते १६.५ मिलिमीटरचे. म्हणून आपली इंजिनं बहुतेक त्याच रुळांवर बसवतात आणि पायांत जराशी अरुंद दिसतात. ती थोड्या संख्येनं बनतात, आणि ती हवी असलेली माणसं तिशी-चाळिशीतली आहेत. त्यांनी लहानपणी डब्ल्यूडीएम डिझेल इंजिनाचा धूर पाहिलाय, आई-बाबांबरोबर कोकण रेल्वेनं करमळीला, मडगावला उतरली आहेत. त्यामुळे चांगल्या हातानं केलेलं भारतीय इंजिन आज घेतलेल्या भावाला सहज परत जातं, कधी वरही जातं. पुण्यात कोथरूडला जोशींचं लघुरेल्वे संग्रहालय आहे. तिथे मुलं काचेला नाक लावून उभी असतात. तीच उद्याची गिऱ्हाईकं.

आणि मुरगाव ते कॅसलरॉकची आपली जुनी मीटरगेज? १८८० च्या दशकात पोर्तुगीज काळात बांधलेली, दूधसागरच्या पुढून जाणारी, १९९० च्या दशकात ब्रॉडगेज झाली. तिचं मॉडेल कुठल्या मोठ्या कंपनीनं काढलेलं माझ्या पाहण्यात नाही. करायचं असेल त्याला सोय मात्र आहे: स्विस डोंगरगाड्यांसाठी बेमोसारख्या कंपन्या १२ मिलिमीटरचे रूळ बनवतात, आणि मीटरगेज ८७ पट लहान केली की जवळजवळ तेवढीच होते. मी त्या रुळांवर दोन डबे बांधलेत, तिसरा चालू आहे. बाजारात त्यांना भाव नाही, कारण तसे दुसरे कधी विकलेच गेले नाहीत.

मग तुमच्या स्वतःच्या गाड्यांचं काय, हे शेवटी सगळेच विचारतात. त्याची तजवीज मी केली आहे. एका वहीत प्रत्येक इंजिनाचं नाव, बनावट, कुठे मोडलंय, काय बदललंय आणि तसलं इंजिन गेल्या वर्षात प्रत्यक्ष किती रुपयांना विकलं गेलं ते लिहिलंय. दर दिवाळीत आकडे नवे करतो. विश्वासाच्या दोन संग्राहकांची नावं पहिल्या पानावर आहेत. संच फोडून विकू नये, इंजिन एकाला नि डबे दुसऱ्याला देऊ नये, हेही बजावून ठेवलंय, कारण वाटण्यांत गाड्यांचं नुकसान होतं ते असंच. मुलीला वही कुठल्या खणात आहे ते दाखवलंय. मीटरगेजच्या पानावर रुपयांचा रकाना मी आखलेला नाही. ते डबे ज्याला रूळ अंथरायला जागा आहे त्याला द्यायचे, एवढं तिला सांगितलंय.

तुम्हाला विचारायचंच असेल तर फोटो असे पाठवा: इंजिन खालून, चाकं जवळून, खोक्याची दोन्ही टोकं जिथे क्रमांक छापलेला असतो, आणि ट्रान्सफॉर्मरवरची पट्टी. वरून काढलेला सुंदर फोटो नको, त्यावरून काहीच सांगता येत नाही.