आडवं झाड

खिडकीतल्या तीन कुंड्यांपैकी एकीतलं झाड आडवं वाढतं. वाकलेलं नाही, कललेलंही नाही. चक्क आडवं, कुणी हात पुढे करून काहीतरी मागावं तसं. येणारा प्रत्येक जण विचारतो, "याला काठी का नाही लावत?" दोन वर्षं लावली होती. काठी काढली, की नवी वाढ पुन्हा आडवीच.

त्याची गोष्ट सांगायची तर आधीचे पराक्रम सांगावे लागतील.

सूचिपर्णी झाडं घरी वाढवायचं खूळ डोक्यात शिरलं तेव्हा सुरुवात बियांपासून केली. पाइनचा शंकू वाळला की खवले उघडतात आणि पंख लावलेल्या बिया बाहेर पडतात. पण यातल्या बऱ्याच झाडांच्या बियांना हिवाळा येऊन गेल्याची खात्री पटावी लागते, तोवर त्या ढिम्म हलत नाहीत. म्हणून ओलसर वाळूत मिसळून त्या आठ आठवडे फ्रिजमध्ये ठेवल्या. घरातल्यांनी ती पिशवी दोनदा केरात टाकायला काढली होती. उगवल्या मात्र झोकात! केसासारखी दांडी, वर सुयांची उलटी छत्री आणि टोकाला बियेचं टरफल टोपीसारखं अडकलेलं. तिसऱ्या आठवड्यात एकेक दांडी मातीपाशी काळी पडून आडवी झाली. शेतीच्या भाषेत याला 'रोप कोलमडणे' म्हणतात. पाणी जास्त, हवा कमी, बुरशीची चंगळ.

मग वळलो छाट कलमाकडे. मोरपंखी आणि ज्युनिपर त्यातल्या त्यात मनमिळाऊ. पाइन नि फर यांच्या वाटेला नवख्यानं जाऊच नये. झाडाची वाढ थंडावलेली असताना, वीतभर लांबीची त्याच वर्षीची डहाळी घ्यायची. कापण्याऐवजी खाली ओढून काढली तर जुन्या लाकडाचा एक चिमटा, टाचेसारखा, तिच्यासोबत येतो. तो राहू द्यायचा. खालचा पाला काढायचा, बुडाची साल जराशी खरवडायची, रूटिंग पावडरीत टेकवायची आणि वाळू-कोकोपीटमध्ये खोचून वर प्लॅस्टिकची पिशवी. बोटांना राळेचा वास दोन दिवस टिकतो. साबण बदलून पाहिला, उपयोग नाही.

खरा छळ पुढे सुरू होतो. जास्वंदीची काडी मेली तर आठवड्यात तोंड वाकडं करून तसं सांगते. सूचिपर्णीची डहाळी सांगत नाही. मेल्यावरही ती महिनोन्‌महिने हिरवीगार उभी राहते. जाड मेणचट कातडीची ही पानं पाणी इतकं जपून वापरतात, की खाली मुळाचा पत्ता नसतानाही वर काही बिघडलंय असं वाटत नाही. माझ्या पहिल्या दहा डहाळ्या अशाच अडीच महिने उभ्या होत्या. मी त्यांच्यावर पाण्याचा फवारा मारत होतो, खिडकीतली जागा बदलत होतो, घरच्यांना त्यांची प्रगती सांगत होतो. शेवटी न राहवून एक उपटली. खालचं टोक पेन्सिलीसारखं स्वच्छ. उरलेल्या नऊही तशाच.

दुसऱ्या खेपेला चार महिने हात लावला नाही. मग चिमटीत धरून अगदी हलकेच ओढली, तर खालून कुणीतरी धरून ठेवल्यासारखं वाटलं. खोटं कशाला सांगू, मी दचकलो. माती उकरली तर टोकाला टाचणीच्या डोक्याएवढी पांढरट गाठ आणि तिच्यातून निघालेली दोन मुळं.

इथे एक गंमत आहे. बीपासून झालेलं रोप हे झाडाचं मूल. कलम मात्र तेच झाड असतं, फक्त दुसऱ्या जागी. बागांच्या कुंपणाला लावतात त्या लेलँड सायप्रसचा संकर 1888 साली वेल्समधल्या लेटन हॉलच्या आवारात आपसूक झाला. अमेरिकेत एकमेकांपासून दूर वाढणाऱ्या दोन जाती तिथे शेजारी लावल्या होत्या. या संकराचं बी जवळजवळ निरुपयोगी, त्यामुळे त्याची कुंपणं वाढत आली ती छाट कलमांवरच. म्हणजे मैलोन्‌मैल पसरलेली कुंपणं, आणि मूळ झाडं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी.

यानं हुरूप येऊन मी अरौकारियाला हात घातला. कुंडीतलं 'ख्रिसमस ट्री' म्हणून मिळतं ते, मजल्यामजल्यानं फांद्या येणारं, मूळचं नॉरफोक बेटावरचं. खालच्या मजल्यावरची एक फांदी कापून लावली. कितीतरी महिन्यांनी मुळं आली आणि ती वाढू लागली, आडवी. कारण ती फांदी होती. तिला मुळं आली, स्वतःची कुंडी आली, पण आपण आता झाड आहोत हे तिला कुणी सांगितलेलंच नाही. ती अजून एका न दिसणाऱ्या खोडाला धरून बाहेर पसरते आहे.

सरळ उभं झाड हवं असेल तर मूळ झाडाचा शेंडाच कापावा लागतो. तो रुजतो, आणि मागे राहिलेल्या खोडावरही नवे उभे कोंब येतात, असं सगळे जाणकार सांगतात. पण मूळ झाड माझ्या खांद्याला लागलंय, आणि शेंड्यावर नुकतीच कोवळ्या पोपटी सुयांची चांदणी उमटलीय.

सोमवारी कापायचं ठरवलंय. कात्री स्पिरिटनं पुसून शेजारीच ठेवलीय. हा तिसरा सोमवार.