तुपाशिवायचे खिमट

उष्टावणाच्या दिवशी मामाने चांदीच्या वाटीतली तांदळाची खीर आमच्या सात महिन्यांच्या लेकाला भरवली आणि पाहुण्यांची पाने वाढून व्हायच्या आत त्याच्या हनुवटीपासून पोटापर्यंत गांधी उठल्या. तोवर तो केवळ अंगावरच्या दुधावर वाढला होता. तपासण्यांनंतर निदान झाले ते गाईच्या दुधातल्या प्रथिनांच्या अ‍ॅलर्जीचे. हे दूध न पचणे नव्हे. त्याचा संबंध दुधातल्या साखरेशी असतो, तर येथे शरीराची प्रतिकारयंत्रणाच केसिन आणि व्हे या प्रथिनांवर उलटते. म्हशीच्या आणि शेळीच्या दुधातही अगदी मिळतीजुळती प्रथिने असल्यामुळे, ‘शेळीचे देऊन बघा’ हा शेजारचा सल्ला डॉक्टरांनी तिथेच मोडून काढला.

घरातला खरा वाद मात्र तुपावरून झाला. तूप म्हणजे निव्वळ स्निग्धांश, त्यात दूध उरते कुठे, असे सासूबाईंचे म्हणणे. लोणी कढवताना तळाशी जी बेरी बसते, तिच्यात प्रामुख्याने दुधातली प्रथिनेच असतात आणि तूप कितीही नीट गाळले तरी त्यांचा अंश उरू शकतो, हे मी त्यांना सांगितले. साखर घालून बेरी खाण्यात आयुष्य गेलेल्या बाईला ते लगेच पटले.

मग खिमट तुपाशिवाय होऊ लागले. दोन वाट्या तांदूळ आणि एक वाटी मूगडाळ धुऊन, सावलीत वाळवून, कोरडीच भाजायची, थोडे जिरे घालून रवाळ दळायची आणि भरपूर पाण्यात मऊ शिजवून वरून अर्धा चमचा खोबरेल तेल सोडायचे. बाळाला स्निग्धांश हवाच असतो, म्हणून तूप वगळून नुसते कोरडे भरवणे योग्य नाही. वर्षाच्या आत मीठ, साखर आणि मध नाही. हिंगही मी टाळला, कारण बाजारातल्या हिंगात बहुधा गव्हाचे पीठ असते आणि गहू तेव्हा त्याला अजून दिलेला नव्हता. नाचणीचे सत्त्वही केले. 100 ग्रॅम नाचणीत सुमारे 350 मिलिग्रॅम कॅल्शियम असले तरी ते सगळे अंगी लागत नाही, म्हणून नाचणी ही दुधाची पुरती भरपाई मानू नये.

चूक झाली ती भलतीकडेच. नाचणीची पेज मी घाईत चहाच्या गाळण्याने गाळली आणि दहा मिनिटांत त्याच्या ओठांभोवती लाली आली. गाळणे धुतलेले होते, पण जाळीच्या कडेला साय धरलेली होती. त्यानंतर त्याचे पातेले, पळी आणि गाळणे निळ्या झाकणाच्या डब्यात वेगळे ठेवले.

नवा पदार्थ एका वेळी एकच, तोही सकाळी, आणि पुढचे तीन दिवस दुसरे नवे काही नाही, असा क्रम ठरला. सर्वांत भीती दाण्याच्या कुटाची होती, कारण आमच्याकडे तो कोशिंबिरीपासून उसळीपर्यंत सगळीकडे पडतो. पण उशीर करू नका, असे डॉक्टरांनीच सांगितले. 2015 मध्ये प्रसिद्ध झालेल्या, लंडनमधल्या 640 बाळांच्या अभ्यासात लवकर शेंगदाणा दिलेल्या मुलांत त्याची अ‍ॅलर्जी पुष्कळच कमी आढळली होती. आधी तपासणी करून घेतली आणि मग वस्त्रगाळ कूट चिमूटभर खिमटात कालवून दिला. अख्खा दाणा घशात अडकतो, म्हणून तो नाहीच.

तीन दिवसांनी वहीत लिहिले, ‘कूट – काही नाही’.