तुम्ही विचारलंत म्हणून : ताटाची डावी बाजू

बाहेरगावचे स्नेही जेवायला आले की एक प्रश्न हमखास विचारतात : खानदेशात ठेच्याखेरीज तोंडी लावायला काय असते? माझे उत्तर एका शब्दाचे आहे, तेलबिया. शेंगदाणे, तीळ, कारळे आणि जवस यांच्या कोरड्या चटण्या आमच्या ताटाची डावी बाजू सांभाळतात, आणि त्यांत जवसाची चटणी मला सर्वांत जवळची वाटते.

जवस कढईत मंद आचेवर कोरडेच भाजावे. ते तडतडू लागले की एक दाणा दाताखाली धरून पाहावा. कच्चा दाणा चिकट लागतो, भाजलेला कुरकुरीत फुटतो. पूर्ण गार झाल्यावरच ते खलबत्त्यात घ्यावे आणि सुक्या लाल मिरच्या, जिरे, मीठ व लसूण घालून कुटावे. माझी आई लसूण सोलत नसे, कारण सालीमुळे चटणी मोकळी राहते, असे ती सांगे. मिक्सर सलग फिरवला तर उष्णतेने तेल सुटते आणि चटणीचा गोळा होतो, म्हणून खलबत्ता नसेल तर तो थांबत थांबत फिरवावा. जवसाच्या तेलात निम्म्याहून अधिक वाटा ओमेगा-३ मेदाम्लाचा असतो आणि कुटलेल्या जवसात ते हवेने लवकर खवट होते. तेव्हा चटणी आठ दिवसांपुरतीच करावी.

ही चटणी कोरडी खाल्ली तर ठसका लागतो. तिच्या मधोमध बोटाने खळगा करून त्यात कच्चे शेंगदाणा तेल ओतायचे आणि कळण्याच्या, म्हणजे ज्वारी व अख्खे उडीद एकत्र दळून केलेल्या, गरम भाकरीच्या तुकड्याने ती कालवत खायची. तेल कच्चेच हवे. फोडणी दिली की भाजल्या जवसाचा वास मागे पडतो.

कारळ्याची चटणीही अशीच करतात. ती काळपट आणि किंचित कडवट असते, आणि तो कडवटपणा बाजरीच्या भाकरीला फार शोभतो.

ओले काही हवे असेल, तर अंबाडीच्या लाल बोंडांची चटणी करावी. बोंडांतले बी काढून पाकळ्या थोड्या तेलात मऊ होईपर्यंत परताव्यात आणि लसूण, मिरची, मीठ व गूळ घालून वाटाव्यात. तिच्यात चिंच किंवा लिंबू घालू नये; बोंडांचा स्वतःचा आंबटपणा पुरेसा असतो.