स्तन काढला होता, मग मेंदूत कुठून आला?

मी पॅथॉलॉजिस्ट आहे. माझा दिवस पेशंटपेक्षा काचपट्ट्यांशी बोलण्यात जातो. तरी रिपोर्ट न्यायला आलेली मुलगी, नवरा, भाऊ काउंटरवरून सरळ माझ्या टेबलापाशी येतात आणि विचारतात, "मॅडम, स्तन तर काढला होता. मग हा कॅन्सर मेंदूत कुठून आला?" मागोमाग, खालच्या आवाजात, "सुई टोचली म्हणून पसरला का?"

नाही. तपासणीच्या सुईने तो मेंदूत जात नाही, आणि त्या सुईला 'हो' म्हटलं म्हणून कुणीही स्वतःला दोष देऊ नये. गाठ हाताला लागण्याआधीच तिच्यातल्या काही पेशी रक्तात उतरलेल्या असू शकतात. त्यातल्या बहुतेक वाटेतच मरतात. कुठे रुजायचं हेही निव्वळ योगायोगावर नसतं. लंडनच्या स्टीफन पॅजेट यांनी १८८९ मध्ये स्तनाच्या कॅन्सरने गेलेल्या ७३५ बायकांच्या शवविच्छेदनाच्या नोंदी तपासल्या. रक्त यकृतालाही मिळतं आणि प्लीहेलाही, पण गाठी यकृतात कितीतरी जास्त होत्या. बी चहूकडे उडतं, उगवतं मात्र मानवेल त्याच जमिनीत, असं त्यांनी मांडलं.

मेंदूची जमीन सगळ्यात अवघड. तिथल्या केशवाहिन्यांच्या पेशी एकमेकींना इतक्या घट्ट शिवलेल्या असतात की बहुतेक औषधंही आत जात नाहीत. मग कॅन्सरची पेशी कशी जाते? न्यूयॉर्कमध्ये जोन मसागे यांच्या प्रयोगशाळेने २००९ मध्ये मेंदूत पोचणाऱ्या पेशींत काय वेगळं चालू असतं ते शोधलं. कॉक्स-टू या दाहाशी संबंधित एन्झाइमचं जनुक आणि एका वाढ-घटकाचं जनुक त्यांना ही भिंत ओलांडायला मदत करतात. पण ही दोन्ही फुप्फुसात पसरतानाही कामी येतात. तिसरं जनुक मला जास्त अस्वस्थ करतं. ते एरवी मुख्यतः मेंदूतच चालणारं एक एन्झाइम बनवतं, आणि ते एन्झाइम पेशीच्या अंगावर विशिष्ट साखर चढवतं. स्तनातून निघालेली पेशी मेंदूची साखर अंगावर घेते आणि तिथल्या वाहिनीला चिकटते.

आत गेल्यावर तरी सुटका नसते. चेतापेशींना सांभाळणाऱ्या, ताऱ्यासारखे फाटे फुटलेल्या अ‍ॅस्ट्रोसाइट पेशी जाग्या होतात. प्लाझमिन नावाचं एन्झाइम त्यांच्या अंगावरचा मृत्यूचा निरोप सुटा करतं आणि आलेली पेशी मरते. शिवाय, ज्या प्रथिनाने ती वाहिनीला धरून राहते तेही प्लाझमिन कापतं. बहुतेक पाहुण्या इथेच संपतात. ज्या तगतात त्या प्लाझमिनला आवरणारी सर्पिन नावाची प्रथिनं बनवतात. त्यातलं एक, न्यूरोसर्पिन, मूळचं चेतापेशींचंच! ऑपरेशनने काढलेल्या तुकड्याच्या कडेला मला कधी कधी हे चित्र दिसतं: मधे बारीक केशवाहिनी, आणि तिच्याभोवती मनगटावर बांगड्या चढवाव्यात तशा जांभळ्या पेशींच्या रांगा. वाहिनी सोडायची नाही, एवढंच त्यांना ठाऊक.

पुढे तर रखवालदारच कामाला लागतात. उंदरांवरच्या प्रयोगांत दिसलं की अ‍ॅस्ट्रोसाइट इवल्या पुटकुळ्यांतून मायक्रो-आरएनए, म्हणजे जनुकांना गप्प करणारे छोटे रेणू, पाठवतात, आणि कॅन्सरच्या पेशीतलं पीटेन हे वाढीला लगाम घालणारं जनुक गप्प होतं. ह्यूस्टनच्या संशोधकांनी हे २०१५ मध्ये दाखवलं. त्याच पेशी मेंदूबाहेर काढल्या की पीटेन परत बोलू लागतं. म्हणजे पेशी तीच, पण जागा बदलली की तिचा स्वभाव बदलतो.

म्हणूनच मेंदूतला तुकडा मिळाला, तर हर-टू (पेशीच्या अंगावरचं, वाढीचा इशारा घेणारं प्रथिन) आणि हॉर्मोनच्या चाचण्या पुन्हा करा, असा माझा आग्रह असतो. जुन्या रिपोर्टवर भागवू नका. हर-टूवरचं ट्रॅस्टुझुमॅब हे औषध भलं मोठं प्रथिन आहे, त्या भिंतीतून ते नीट जात नाही. हर-टूवरच्याच टुकाटिनिब या औषधाचा रेणू लहान. २०२० मध्ये अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली, आणि त्याच्या चाचणीत मेंदूत गाठी असलेल्या बायकांनाही घेतलं होतं. अशा बायकांना इतकी वर्षं चाचण्यांच्या दारातूनच परत पाठवत आले, याचा मला आजही राग येतो.

मागे एक मुलगी आली होती. तिला आईच्या मेंदूतल्या तुकड्याची स्लाइड दाखवली. गाटा-थ्री हे प्रथिन दाखवणाऱ्या डागाने पेशींची केंद्रकं तपकिरी झाली होती. स्तनाच्या पेशीची ही ओळख.

"म्हणजे हा मेंदूचा कॅन्सर नाही?"

"नाही गं. स्तनाचाच, मेंदूत राहायला गेलेला."

तिला म्हटलं, जुना ब्लॉक घेऊन ये. दुसऱ्या दिवशी तिने आईच्या स्तनातल्या गाठीचा तुकडा बसवलेला, चार वर्षांपूर्वीचा मेणाचा ठोकळा रुमालात गुंडाळून आणला. दोन्ही एकत्र डागले. जुन्यात हर-टू निगेटिव्ह होतं, मेंदूतल्या तुकड्यात पेशींच्या कडा गडद तपकिरी, सलग, म्हणजे हर-टू पॉझिटिव्ह. रिपोर्टवर सही करून मी तिच्या डॉक्टरांना फोन लावला, आणि ती रिपोर्ट हातात घेऊन त्याच दुपारी त्यांच्याकडे गेली.